निरंक

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आर नावाची प्रोग्रामिंगची भाषा माझ्या गळ्यात पडली. मी जीवशास्त्र घेतलं तेच मुळी गणिताला भिऊन. प्रकल्प सोयाबीनवरच्या अळ्यांचा होता. आमच्या सुलतानपूरच्या वावरात अर्ध्या ओळींवर निंबोळी अर्क फवारायचा, अर्ध्यांवर नुसतं पाणी. अळ्या बाबा मोजायचे. दर तिसऱ्या दिवशी सकाळी झाडागणिक पानं उलटून पाहायचे आणि वहीत लिहायचे.

"वहीत आहे तसंच उतरवा," असं सरांनी बजावलं होतं. मी लॅपटॉपवर तसंच उतरवलं.

सरासरी काढायला गेले तर आर म्हणे, हे आकडेच नाहीत. आकडे नाहीत तर काय चिंचोके आहेत? मी कंस तपासले, स्वल्पविराम तपासले, काही उमजेना. इंटरनेटवर कोणीतरी सांगितलं, रकान्याचे बळंच आकडे करा. केले. लाल अक्षरांत सूचना आली, ती वाचली, कळली नाही. आता सरासरीच्या जागी नुसतं एनए, म्हणजे माहिती उपलब्ध नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं, एनए वगळा. वगळले, आणि एकदाचं उत्तर आलं. दोन्हीकडची सरासरी जवळपास सारखीच निघाली. निंबोळीचा काही उपयोग नव्हता तर.

जेवताना बाबांना तसं सांगितलं.

"असं कसं? निंबोळीच्या वळीत अळी नव्हतीच म्हटलं तं चालते. म्या सोता पाह्यलं."

"तुम्हाले तसं वाटलं असंल, बाबा. आकडे खोटं नाही बोलत."

बाबा अर्धी भाकर ताटात ठेवून उठले.

सोमवारी सरांपुढे हेच मांडायचं होतं. रविवारी दुपारी बाबा वही घेऊन माझ्याजवळ बसले, लॅपटॉपवरच्या रकान्याशी ती ताडून पाहिली आणि पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुठी गेलं वं?"

वहीत निंबोळीच्या ओळींच्या नोंदींत जागोजागी एकच शब्द होता, निरंक. बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. तिथल्या कागदांत काही नसलं की निरंक लिहितात. मी लहानपणापासून तो इतका पाहिलेला की उतरवतानाही तो आकडा नाही, शब्द आहे, हे ध्यानात आलं नाही. बळजबरी केल्यावर त्याचाच एनए झाला होता. म्हणजे ज्या झाडांवर एकही अळी नव्हती, नेमकी तीच झाडं मी हिशेबातून वगळली होती.

निरंकच्या जागी शून्य टाकलं. निंबोळीची सरासरी निम्म्याहून खाली आली. मला हायसं वाटण्याआधी लाज वाटली, मग उगाच रागही आला.

"मंग सरळ शून्य काऊन नाही लिहिलं, बाबा? अन् या काही जागा कोऱ्या काऊन?"

"कोऱ्या त्या मले ताप होता त्या दिवसाच्या. त्या दिवशी गेलोच नाही. निरंक म्हणजे गेलो, पाह्यलं, अन् नव्हतं."

कोऱ्या जागा मी तशाच एनए ठेवल्या. सोमवारी सगळं नीट पार पडलं. ती ताटातली अर्धी भाकर मात्र मला अजून खुपते.