वाफसा

"आधी ते मशीन बंद करा, भावजी! कानात घुसतंय नुसतं."

"वहिनी, माती ढवळायचं हे मशीन मित्राच्या हातापाया पडून आणलंय. संध्याकाळी परत द्यायचंय. तासाभरात अकराच्या अकरा वाफे भुसभुशीत करून देतो, तुम्ही पायरीवर बसून बघा फक्त."

"कशाची बसते! वाफे आहेत, पण वाफसा कुठाय?"

वहिनींनी मूठभर माती उचलली, दाबली आणि कमरेच्या उंचीवरून सोडली. गोळा पडला तो तसाच बसला. वाफशावरची माती, म्हणजे ना ओली ना कोरडी, पडली की तिचा भुगा होतो. इथं परवाच्या पावसाचं पाणी अजून आत होतं. अशी माती ढवळली की ढेकळं वाळून विटा होतात आणि अख्खा हंगाम बी त्या विटांवर डोकं आपटत बसतं.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात त्यांनी घाईघाईनं चिखलातच वाफे खणले होते आणि गाजरं निघाली ती दोन-दोन तंगड्यांची, पायजमा घातल्यासारखी. त्यातलं एक सासूबाई चार घरी दाखवून आल्या. तेव्हापासून बाकी सगळ्यात वहिनी दुसऱ्याचं ऐकून घेत, मातीत नाही.

"मग काय, हातानं खणणार? कंबर राहील का जागेवर?"

"कंबर माझी आहे, मी बघते. हात फारच शिवशिवत असतील तर भिंतीकडचा एक वाफा घ्या. बाकीच्या दहांत चाक घातलंत तर याद राखा!"

भावजींनी तो एक वाफा लोण्यासारखा करून दाखवला आणि मिशीत हसत मशीन घेऊन गेले.

दोन दिवस कडक ऊन पडलं. वहिनींनी तोवर अंगणातला पाचोळा ओढला, वाळक्या फांद्या छाटल्या, फावड्याला धार लावली. वाफ्यांकडे फिरकल्यासुद्धा नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुठीतली माती पडल्या पडल्या विस्कटली. त्यांनी बाह्या वर सारल्या.

चौथा वाफा होत आला तेव्हा भावजी उगवले. भिंतीकडच्या ढेकळाला त्यांनी सहज लाथ मारली आणि अंगठा धरून एका पायावर नाचले.

वहिनींनी मान वर केली नाही. "लागलं का हो?"

"दगड झालाय नुसता." भावजींनी वहिनींच्या भुसभुशीत वाफ्यांकडे पाहिलं. "दुसरं फावडं आहे का?"

"दाराआड आहे. आणि कडेकडेनं या. खणलेल्यात पाय पडला तर तसेच घरी पाठवीन."

चौथा संपवून वहिनींनी पाचव्या वाफ्याच्या कडेची दोरी ताणली आणि फावडं मातीत घातलं.