मिठाचं पोतं आणि माझा गळा

बंद गळ्याच्या कुर्त्याचं वरचं बटण लागेना, तेव्हा मी शिंपिणीशी भांडले. जुन्या कुर्त्याचंही लागेना, तेव्हा मुकाट्याने परळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासलं आणि विचारलं, "मीठ कुठलं खाता?"

"गावचं खडेमीठ. पुडीतलं मीठ आमच्या घरात येतच नाही," मी तोऱ्यात सांगितलं. दर मे महिन्यात कोकणातून पोतं आणायची आमची रीत. त्यात नवसापायी दोन वर्षं मासेही सोडलेले, तेही सांगितलं.

"म्हणजे पुडीतल्या मिठातलं आणि माशांतलं आयोडीन जवळजवळ बंदच केलंत. तरी तुमची गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करतेय. आयोडीनचा मिळेल तो कण पकडायला ती वाढलीय. जुनं आयोडीन पुन्हा वापरते. चार कण लागणारं हार्मोन परवडत नाही, म्हणून तीन कणांचं जास्त बनवते. पण किती दिवस ताणाल तिला?"

गिरणी बंद पडली तेव्हा आई असंच भागवायची. आमटी पातळ व्हायची, पण आम्हा भावंडांचं ताट रिकामं राहिलं नाही. तिला कुणी विचारलं नाही, किती दिवस ताणशील.

पुडीतलं मीठ आणलं. देवाला गाऱ्हाणं घालून मासेही सुरू केले. काही महिन्यांनी बटण लागलं, त्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं. आई माझ्याकडेच असते. सगळ्यात मोठा बांगडा तिला वाढला, तर सवयीने ती तो माझ्या ताटात सरकवू लागली.

मी तिचा हात धरला. "आधी तू जेव."