नुसते ठिपके

परवा सोलापुरात एका कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रमाला गेले होते. विषय होता, मुलांची तस्करी थांबवण्यासाठी देशादेशांतलं सहकार्य. स्टेजवरच्या तरुण पोलीस अधिकारी बाई फार छान बोलल्या.

आता परदेशात कुणाला नुसती शंका आली, तरी काही मिनिटांत इथे निरोप पोचतो म्हणे. "फक्त विचारणाऱ्याला खोटं उत्तर जाता कामा नये," असं त्या म्हणाल्या. हॉलभर टाळ्या पडल्या. माझे हात मात्र मांडीवरच राहिले...

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचे दिवस. मी कॉन्व्हेंटमध्ये नववीत होते. शाळेला लागूनच गरीब मुलींचं बोर्डिंग होतं, आणि तिथल्या प्रत्येक मुलीची परदेशात एक 'आंटी' असायची, तिचा खर्च करणारी.

दर महिन्याला त्या आंटीला मुलीचं पत्र जायचं. मुलींना इंग्रजी कुठलं यायला? म्हणून ज्यांचं अक्षर सुंदर, अशा आम्ही चार-पाच जणी शनिवारी शाळा सुटल्यावर ती पत्रं लिहायला बसायचो. बोर्डिंगच्या सिस्टर कच्चं पत्र तपासायच्या, मग आम्ही पक्कं लिहायचो. केवढी मिरवायचे मी त्याबद्दल!

माझ्या वाट्याला लक्ष्मी होती. अकरा-बारा वर्षांची, तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील नव्हते, आई साखर पेठेत विड्या वळायची. मला ती 'अक्का' म्हणायची.

माझं लिहून झालं की पत्राच्या तळाशी ती पेन्सिलीनं मुग्गू काढायची. मुग्गू म्हणजे त्यांच्या दारातली रांगोळी... आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती न तुटता वळत जाणारी रेघ. बेल्जियमच्या तिच्या आंटींनी ते सगळे मुग्गू फ्रेम करून लावले होते, फोटोही पाठवला होता. लक्ष्मी तोंडावर हात ठेवून हसली होती, "आमच्यात पायाखाली येतंय, त्यांनी देवासारखं भिंतीला लावलं की!"

एका शनिवारी ती आली. नेहमीसारखं शाईच्या दौतीशी खेळली नाही.

"अक्का, लिव. मामा न्यायला आलाय मुंबईला. मला जायचं न्हाय."

हा मामा तिचा सख्खा नव्हे, गल्लीत येऊन-जाऊन असणारा कुणीतरी. मागच्या वर्षी शेजारच्या पोरीला घरकामाला म्हणून त्यानंच नेलं होतं. ती परत आली नव्हती, तिचं पत्रही नव्हतं. लक्ष्मीच्या आईला तो म्हणाला होता, पोरगी खाऊन-पिऊन सुखात राहील.

"मग सिस्टरना सांग ना," मी म्हणाले.

"सांगितलं की. सिस्टर ऐकंना, आई ऐकंना. आंटीचं ऐकतील. तू आंटीला लिव, सिस्टरला सांगा म्हणून."

किती सरळ हिशेब होता तिचा... जी माणसं आपलं ऐकत नाहीत, ती ज्यांचं ऐकतात त्यांना सांगायचं. मी शब्दन् शब्द कच्चा लिहिला आणि तपासायला दिला.

सिस्टरनी लाल पेन्सिलीनं तो सगळा भाग खोडला. त्या दुष्ट नव्हत्या, ताप आलेल्या मुलींच्या उशाशी बसलेलं मी त्यांना पाहिलंय. त्या म्हणाल्या, "चाइल्ड, ते लोक आनंदानं देतात, त्यांना आनंदच कळवायचा. आणि मुलगी आईची आहे. तिच्या आईनंच हो म्हटल्यावर आपण अडवणारे कोण?"

मी पक्कं लिहिलं, 'मी मामाबरोबर मुंबई बघायला जाणार आहे. मी खूप आनंदात आहे.' काय लिहिलंय ते लक्ष्मीला वाचून दाखवलं नाही. तिनंही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे मात्र बघत राहिली.

मग तिनं पेन्सिल घेतली. पाच ओळी ठिपके घातले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"अगं, रेघ?"

"घरातलं कुणी गेलं की आमच्यात मुग्गू घालत न्हाईत, अक्का."

"कोण गेलं?"

ती उठून गेली. मंगळवारी मामा तिला घेऊन गेला.

महिन्याभरानं बेल्जियमहून उत्तर आलं. मुंबईबद्दल एक अक्षर नाही. एवढंच विचारलं होतं... 'या वेळी नुसतेच ठिपके का? लक्ष्मी बरी आहे ना? कृपा करून लगेच कळवा.'

मामानं दिलेला पत्ता खोटा निघाला होता. तिची आई बोर्डिंगच्या दारात बसून येईल-जाईल त्याला विचारत होती, "मुंबईत कुटं शोधायचं वो?" सिस्टरचा चेहरा उतरला होता. पण बाकीच्या आंटी काय म्हणतील, बोर्डिंग कसं चालेल, ही भीती मोठी होती. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिही, लक्ष्मी बरी आहे. आणि... ते चित्र काढ."

मी काढला मुग्गू. इतके महिने शेजारी बसून बघितला होता, हात जराही अडखळला नाही. आंटींचं पुढचं पत्र आलं, 'आता जिवात जीव आला.'

लक्ष्मी कधीच सापडली नाही. चौदा वर्षांची होते मी, सांगितलेलं केलं, असं लोक म्हणतात. मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत आले. पण ती बारा वर्षांची होती, आणि तिला मात्र बरोबर कळलं होतं, कुणाला काय सांगायचं ते.

बेल्जियमच्या त्या बाई आता नसतील. त्यांचे आभार मानायचे राहून गेले... साऱ्या सोलापुरात कुणाला विचारावंसं वाटलं नाही, ते त्यांनी तेवढ्या लांबून विचारलं. तो मुग्गूही त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावला असेल. लक्ष्मीच्या मुग्गूंच्या शेजारी, माझा.