तिचा नवस आणि माझा दुसरा रिपोर्ट

देवीपुढे उभं राहायची माझी लायकी नव्हती, तरी दर मंगळवारी मी पत्नीबरोबर डोंगर चढून जात होतो. मी जव्हारला एका कचेरीत कारकून. हिचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले. खोडाळ्याला माझी आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "हिच्या कुशीत काही ठरतच नाही." हिने ते खरं मानलं आणि मूल मांडीवर येईपर्यंत अनवाणी राहण्याचा नवस केला.

नाशिकला माझी तपासणी झाली. पहिला रिपोर्ट चांगला आला, शुक्राणूंची संख्या पुरेशी, हालचाल ठीक. तो मी मुद्दाम आईला दाखवला. दुसरी तपासणी शुक्राणूंच्या आतल्या डीएनएची होती. डॉक्टर म्हणाले, "बराच तुटलेला आहे. गर्भ न टिकण्याचं हे एक कारण असू शकतं. तंबाखू सोडा, औषध घ्या, काही महिने थांबा." तो कागद मी कचेरीतल्या कपाटात दडवला. तंबाखू सुटली नाही. थांबायचं तर का, ते हिला सांगावं लागलं असतं, म्हणून थांबलोही नाही. तिसराही गेला.

पुढे एका मंगळवारी चढणीवर हिच्या टाचेत काटा मोडला. मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी थांबली. मोळी टाकून तिने हिचा पाय मांडीवर घेतला आणि पिनेने काटा कोरू लागली.

"नवस कोणाचा गं माय?"

"दोघांचा," ही माझी लाज राखत म्हणाली.

म्हातारीने माझ्या पायांकडे पाहिलं. "मंग याच्या पायात चपला कशा? देवीचा जावाय हाय का ह्यो?"

ही हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. ते हसणं मला सोसवेना. म्हातारी गेल्यावर तिथेच दगडावर बसून मी सगळं सांगितलं.

हिने विचारलं, "तिसऱ्याच्या वेळी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी आईंच्या पाया पडून माफी मागत होते."

त्याच संध्याकाळी खोडाळ्याला जाऊन हिच्यासमोर आईला खरं सांगितलं. तंबाखूही सोडली, औषधं घेतली, पण गर्भ पुन्हा राहिलाच नाही. हिने मला क्षमा केली का, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

त्या म्हातारीला देवीने धाडलं की ती आपली सरपणाला आली होती, मला ठाऊक नाही. ती भेटली नसती तर माझं पाप हिच्या माथी ठेवूनच मी मेलो असतो. आता देवीपुढे काही मागत नाही. ही अजून माझ्या शेजारी उभी राहते. देवीआई, तू दिलंस त्यातलं एवढंच माझ्या हातून सुटलं नाही. पुष्कळ आहे.