काढणे, पुसणे, पाहणे

डॉक्टरांची मोटार मी आठ दिवस अत्यंत पद्धतशीरपणे बिघडवली.

तेव्हा तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. हे तिथे नकाशे काढायच्या कामाला लागले, म्हणून आम्ही सासूबाईंसह साताऱ्याहून चिंचणीला राहायला आलो. शेजारी डॉक्टर. आसपासच्या गावांत कोणी अडलं-नडलं की त्यांचीच मोटार धावे, कारण दुसरी नव्हतीच. आठ दिवस बहिणीकडे निघाले तेव्हा डॉक्टरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"वहिनी, रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायला सांगा ह्यांना. त्याआधी तेल बघा, जुनं इंजिन आहे, तेल खातं. तेल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, बघायची. खुणेच्या खाली असेल तर घालायचं थोडं."

मी लगेच यादीत लिहिलं : काढणे, पुसणे, पाहणे. (माझी प्रत्येक कामाची यादी असते. लग्नातसुद्धा होती. अक्षता पडल्याबरोबर मी त्यापुढे खूण केली, असं सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.)

पहिल्या सकाळी पट्टी काढली. धुतलेल्या फडक्याने लख्ख पुसली. पाहिली. तेलाचा थेंब नाही!

"अहो, तेल संपलंय!"

"खातं म्हणालेच होते डॉक्टर," हे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

फुलपात्रभर तेल घातलं. दुसऱ्या दिवशी काढली, पुसली, पाहिली. ठणठणीत कोरडी! दोन फुलपात्रं. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी ठेवलेला तेलाचा डबाच संपला. ह्यांना बोईसरला पिटाळून नवा आणवला.

"अगं, एवढं तेल जातंय कुठे?" सासूबाईंनी विचारलं. "तळणीची कढईसुद्धा इतकं पीत नाही."

"आई, हे इंजिन आहे, कढई नव्हे!"

त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. (तेवढीच माझी जीत.)

सहाव्या दिवशी मागच्या नळीतून निळसर धूर आला. बिचारं तेलावाचून जळतंय, असं वाटून मी एक फुलपात्र जास्त घातलं!

आठव्या दिवशीची यादी : साडेनऊला निघणे, अकराच्या गाडीने येणाऱ्या डॉक्टरांना बोईसर स्टेशनवरून आणणे. नऊ वाजता मुरबे गावचे गोविंद तांडेल अंगणात सायकल टाकून आत धावले. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री ते. एरवी गडगडाटी आवाजाचा माणूस, पण आज ओठ सुकलेले.

"वैनी, डॉक्टर कवा येतात? सुनेला पाटेपासून कळा चालू हायत. सुईण म्हनते मूल आडवं हाय, माज्याच्यानं व्हायचं नाय."

"अकराला उतरतील. हे त्यांना थेट मुरब्यालाच नेतील. काळजी करू नका!"

ह्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, आणि असा धूर सुटला की आधी तांडेल दिसेनासे झाले, मग आमचं घर.

धुरातून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, तळण जळलं बघ!"

"बंद करा, आदी बंद करा!" तांडेल ओरडले. त्यांनी पट्टी काढली, पुसली, परत आत घातली, परत काढली.

परत आत घातली! यादीत हे नव्हतंच. आठ दिवस मी स्वतःच पुसलेली पट्टी बघून तेल ओतत होते! खूण कुठल्या कुठे बुडाली होती.

"ह्यात तेल कोनी वतलं?"

"मी. रोज."

"वैनी, आमची बोट समुद्रावर तरंगते, तुमचं इंजिन तेलात बुडालंय! असंच नेलं तर वाटेतच बसंल."

तिकडे पोर अडलेली, आणि इकडे माझ्या व्यवस्थितपणाने एकुलती एक मोटार अडवलेली. साडेनऊ वाजून गेले होते.

तांडेल पाना घेऊन मोटारीखाली सरपटले आणि त्यांनी तळाचं बूच सैल केलं. "भांडं द्या!"

घमेलं दिलं. भरलं. बादली दिली. पुरणाचं पातेलं दिलं.

"आजून हाय!"

"अजून?"

सासूबाईंनी कढई आणून माझ्या हातात ठेवली.

तेल खुणेवर आलं तेव्हा दहाला पाच कमी होते. (पट्टी मी स्वतः तीनदा आत घालून पाहिली.) मागे उरलासुरला धूर सोडत ह्यांनी मोटार पिटाळली, तांडेल सायकलवरून मुरब्याला गेले, आणि मी यादी हातात धरून पायरीवर बसले. पुढे काही लिहिलेलंच नव्हतं.

पाच वाजता मोटार आली. डॉक्टर हसत उतरले. "मुलगी झाली तांडेलांकडे. दोघी ठणठणीत. अर्धा तास उशीर झाला असता तर मात्र कठीण होतं."

मी डोळे पुसेपर्यंत त्यांनी सवयीने बॉनेट उघडलं, पट्टी पाहिली आणि थक्क झाले. "आठ दिवसांनी तेल बरोब्बर खुणेवर! वहिनी, व्यवस्थितपणा शिकावा तर तुमच्याकडून. पुढच्या महिन्यात परत जातोय, किल्ली तुमच्याकडेच देईन."

ह्यांना एकदम खोकला आला. मी मान डोलावली, घरात गेले आणि यादीत सगळ्यात वर लिहिलं : तेलाचा डबा सासूबाईंच्या कपाटात. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, आणि मी मागितला तरी देऊ नये!