मासळीच्या खणाला खिडकी

ये गं बाय, अशी जवळ ये. दारात उभी राहून काय विचारतेस, अंगणात प्लॅस्टिकखाली काय झाकलंय म्हणून? आधी बस. विरारहून पाचूबंदर म्हणजे काय आखातात जायचंय तुला, की वर्षातून एकदा मावशीचं तोंड बघतेस? फोनवर आमच्या होडीचा फोटो बघून हसणारी तोंडं पाठवायला बरा वेळ मिळतो. सांगते सगळं. पण मध्येच "मावशी, गाडीने का नाही नेलं" असं विचारायचं नाही. ते विचारून विचारून अर्ध्या वसईने माझं डोकं खाल्लंय.

तर गाडीने का नाही नेलं ते आधीच सांगून टाकते.

माझी सासू तुला ठाऊक आहे. तिचं माहेर अर्नाळ्याला. तिथे तिच्या पिढीचं एकच माणूस उरलंय, तिची भावजय. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी लग्नं झालेल्या, ही तिकडून इकडे आली आणि ती हिच्या माहेरी गेली. हिवाळ्यात सासू मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्याबरोबर पहिलं काय म्हणाली असेल, तर भावजयीला भेटायचंय. तिकडे भावजय अंथरुणाला टेकलेली, तिला इकडे आणता येईना. एकदा सासूला तपासणीसाठी गाडीतून नेली, तर रस्त्यातल्या खड्ड्यांनी ती आठ दिवस कण्हत होती. डॉक्टर म्हणाले, धक्के नकोत, आणि ऊन तर अजिबात नको, उन्हात तिला भोवळ येते. झालं. धक्के नकोत म्हणजे रस्ता नाही. ऊन नको म्हणजे होडी नाही.

आमचे हे चार दिवस गप्प राहिले. हे गप्प राहिले की मला धडकी भरते. मासेमारीची होडी पुतण्यांकडे दिल्यापासून यांच्या हाताला काम नाही, आणि रिकाम्या हाताचा कोळी म्हणजे घराला ताप. पाचव्या दिवशी मुंबईहून एक जुनी केबिनची होडी घेऊन आले. फायबरची, पांढरी, मागे लटकवलेलं इंजिन. कोणी साहेब रविवारी हौसेने गळ टाकायला जायचे, त्यांची. केबिन केवढी, तर आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याएवढं लांब एक बाक आणि पाय ठेवायला जागा. म्हणाले, आये यात आडवी झोपून जाईल, धक्का लागणार नाही, आणि उन्हासाठी आत एसी लावतो.

मी म्हटलं, होडीला एसी? म्हणाले, का, बसला असतो, रेल्वेला असतो, होडीने काय पाप केलंय?

बरं, मी म्हटलं, सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत पोचा, एसी कशाला? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घाटावरून आलेय. मोठी भरती असल्याशिवाय होडी आपल्या जेटीला नीट लागत नाही, आणि मोठी भरती म्हणजे पुनवेची नाहीतर अवसेची, ती यायची भर दुपारी. ते मलाही माहीत होतं, पण रागाच्या भरात माणूस विसरतं. शिवाय पावसाळ्यासाठी जूनच्या आत होड्या वर ओढायच्या. म्हणजे हातात एप्रिल आणि मे, त्यातही दोन-तीन दिवस बरे.

खिडकीत बसवायचा एक जुना एसी यांनी कुठल्याशा पाडायला काढलेल्या बिल्डिंगमधून मिळवला. त्याला चालवायला पेट्रोलवरचा जनरेटर आणला. एसी बसवणारा नालासोपाऱ्याहून बोलावला. त्याने फोनवर विचारलं, कितवा मजला? हे म्हणाले, बंदरावर ये, मजला दाखवतो. तो आला, अंगणात वाळूवर टेकू देऊन उभी केलेली होडी बघितली, आणि स्कूटरवरून उतरेचना. चहा पाजून, भजी खायला घालून त्याला होडीत चढवला. दोन दिवस रडतखडत त्याने काम केलं, एसी डाव्या कोपऱ्यात बसवला, जनरेटरही मागे डाव्या अंगाला ठेवला. जाताना मला हळूच म्हणाला, "आंटी, गॅरंटी नाय देणार हां. खारी हवा आहे."

आता ऐक खरी गंमत. माझी तर तेव्हा करमणूक झाली नव्हती, तू हस हवं तर.

एसी लागला, पण केबिन थंड होईना. जुन्या खिडक्यांतून, फटीफटीतून गार हवा पळायची. तेव्हा हे म्हणाले, थांब, थंड कसं ठेवायचं ते मला कोण शिकवणार? जन्मभर तेच केलंय. आणि बाय, खरंच तेच केलं. पुतण्यांना घेऊन आले, थर्माकोलचे जाड तक्ते आणले, आणि होडीत बर्फ घालून मासळी ठेवायचा खण जसा बांधतात तशी केबिन बांधून काढली. चारी बाजूंनी थर्माकोल, त्यावर फायबरचा लेप, कोपरे गोल, म्हणजे घाण साठत नाही. खाली पाणी जायला भोक. दार लहान, घट्ट बसणारं, खणाच्या झाकणासारखं. आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या बुजवून टाकल्या, कारण मासळीला खिडकी लागत नाही. पाच पुरुष रोज संध्याकाळी त्या होडीभोवती उभे राहून एकमेकांची पाठ थोपटायचे. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आत माणूस बसणार आहे.

एसी सुरू केला, तर आत डिसेंबर. अख्खी आळी बघायला आली. बायका पोरांना घेऊन आत बसून गार होऊन जायच्या. होडी पाण्यात उतरवायच्या आधी आपल्याकडे फादर येऊन आशीर्वाद देतात, तसे तेही आले. मे महिना, अंगात तो पांढरा झगा. बाहेरून पवित्र पाणी शिंपडलं, मग आतूनही शिंपडतो म्हणाले, आणि आत गेले ते बाहेर येईनात. शेवटी यांनी दार वाजवलं. फादर म्हणाले, प्रार्थना करत होतो. असतील करत.

मग सासूची पाळी. वॉकर टेकत टेकत अंगणात आली, दोघांनी धरून फळीवर उभी केली, आणि तिने केबिनच्या दारातून आत डोकं घातलं. बुजवलेल्या भिंतींवरून हात फिरवला. मग यांना विचारलं, "यातून मना बाहेरचा काय दिसल?"

"आये, तुला आडवा रायचा हाय. थंड रायेल."

"थंड मेल्यावर रायनच. मी काय पापलेट हाय?"

बाहेर उभ्या पाच पुरुषांनी एकदम खाली बघितलं. सासू परत वॉकर टेकत घरात गेली आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली की ती लग्न होऊन आली तेव्हा शिडाच्या होडीत बसून आली होती, नवऱ्याकडे बघायची लाज म्हणून सगळा वेळ किनाऱ्याकडे बघत होती. राजोडीची सुरूची झाडं, कळंब, भुईगाव, मग वसईचा किल्ला. एकेक मागे पडत गेलं. आता तीच वाट उलटी बघत जायची होती तिला. आणि हा बाबा तिला बर्फात घालून नेणार.

मी बाहेर आले. हे मला समजवायला लागले की खिडकी कापली तर गारवा पळेल, जनरेटरला झेपणार नाही, अमुक आणि तमुक. मी म्हटलं, तुमी आजवर जी मासळी आणली ती कधी काय बोलली नाही, म्हणून तुमाला सवय नाही. चुलीतला कोळसा घेतला, होडीवर चढले, आणि उजव्या बाजूला, बाकावर डोकं टेकल्यावर जिथे डोळे येतील तिथे, एक चौकोन काढला. उजवीकडे का, तर इथून अर्नाळ्याला जाताना जमीन उजव्या हाताला राहते. येताना डावीकडे राहील, पण तेव्हा बघू. एकच खिडकी, म्हणजे गारवाही एकाच बाजूने पळेल. दोन दिवस तोंड फुगवून यांनी तो चौकोन कापला आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिक बसवलं.

सगळं झालं वाटलं ना? होडी पाण्यात उतरवली, आणि ती डावीकडे कलली. एसी डावीकडे, जनरेटर डावीकडे. आमच्या लाकडी होडीवर बैल चढवला तरी तिला कळायचं नाही, त्या हिशेबाने यांनी सामान ठेवलं होतं. ही फायबरची होडी म्हणजे रिकामा डबा. सगळं काढून परत बसवायला वेळ नव्हता, भरती दुसऱ्या दिवशी होती. उजवीकडे वाळूच्या गोणी ठेवल्या. तरी थोडी कललेलीच. मग यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय ते समजले. चाळीस वर्षं संसार केला, तीन मुलं वाढवली, टोपली डोक्यावर घेऊन बाजार केला, आणि शेवटी मी काय, तर गोण.

तर असे निघालो. सासू आत बाकावर, पांघरुणात, गाल खिडकीला. हे सुकाणूवर. मी बाहेर उजव्या काठावर, डोक्यावर ओला पंचा, आणि मागे तो जनरेटर कानात करवत घालतोय. किल्ल्याला वळसा घातला, तेव्हापासून आतून टकटक ऐकू यायला लागली. मी घाबरले, दार उघडलं. काही नाही, म्हातारी खिडकीवर बोटाने वाजवत होती. भुईगाव दिसलं, टकटक. कळंब दिसलं, टकटक. मला दाखवत होती. मी उन्हात बसून तेच बघतेय, पण तिला दाखवायचं होतं.

अर्नाळ्याला वाळूची पुळण, पाणी उथळ, होडी काठाला लावता येईना, आणि खुब्यामुळे सासूला उचलून न्यायला यांची छाती होईना. भावजय मात्र आता चिमणीएवढी राहिलीय. तिच्या नातवांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवली, कमरेएवढ्या पाण्यातून आणली आणि आमच्या होडीत ठेवली. दोघींनी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवले. मग भावजय म्हणाली, काय गो, इथे थंडी वाजते. आणि तरी स्वतःच दार लावून घेतलं.

पाच मिनिटांनी सासूने दार वाजवलं. पाण्याच्या ओढीने होडी फिरली होती आणि खिडकी समुद्राकडे गेली होती. म्हणे, आमाला घर दिसूं दे. हे कपाळावर हात मारून उठले, मागून दुसरा नांगर टाकला, होडी ओढून ताणून आडवी केली, खिडकी किनाऱ्याकडे. परत दार लागलं.

अर्धा तास ठरला होता. एक तास झाला. भरती उतरायला लागली. पाणी जास्त उतरलं तर आमच्या जेटीसमोर चिखल, मग सासूला चिखलातून कोण उचलणार? पेट्रोलही संपत आलं होतं. हे मला म्हणाले, जा, सांग त्यांना. मी म्हटलं, तुमची आई, तुमी सांगा. हे म्हणाले, गो, तुझा ऐकल ती. असं होय-नाय करत आणखी पाव तास गेला. शेवटी मीच दार उघडलं. आत गारेगार. दोघी एका पांघरुणात पाय घालून बसलेल्या, चार डोळे खिडकीला. मी म्हटलं, आये, पानी उतरतंय, निघायला पायजे.

सासूने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "थांब गो. आमचा आता कुठे लग्नापर्यंत झालाय."

मी दार लावून घेतलं. यांना सांगितलं. यांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग नातवांना हाक मारून म्हणाले, घरात पेट्रोल असेल तर आना.

जेटीला पोचलो तेव्हा इंजिनाचं पातं चिखल उडवत होतं, एवढंच सांगते. यांच्या तोंडून जे निघत होतं ते सांगत नाही.

त्या दोघींचं बोलणं लग्नाच्या पुढे फार सरकलं नाही. उरलेलं राहिलं. सासू म्हणते, होडी परत पाण्यात गेली की पुढचं. एसी तर खाऱ्या हवेने आताच घरघरायला लागलाय, आणि हे डावीकडेही खिडकी कापतो म्हणून माप घेत बसलेत. मला मेलीला कोणी विचारत नाही. कधी कधी रात्री भावजयीचा फोन येतो, पण फोनवर दोघींनाही ऐकू येत नाही. कसं आहे, बरं आहे, एवढंच ओरडतात आणि ठेवून देतात. होडी पाण्यात जायला अजून दीड महिना. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत दीड महिना म्हणजे किती, हे मी मनात आणत नाही.

सासू तुझं नावही काढत होती परवा. विरारची पोरगी येत नाही म्हणाली. आता चहा पिऊन लगेच पळशील, मला ठाऊक आहे. पळ. पण आत जा, तिच्या बाजेवर बस, हात हातात घे आधी. आणि परत लवकर ये, पुढच्याच रविवारी ये, राहायच्या तयारीने ये. होडीची वाट बघत बसू नकोस.