ज्याला मी माझा शिष्य म्हटलं

काशीनाथ गावित गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला आमच्या मिशन संस्थेच्या ऑफिसात वर्षाचा अहवाल लिहीत बसलो होतो. फोनवर त्याची मुलगी सुमन होती. "साहेब, बाबा गेले. सकाळी नागलीच्या शेतात जाऊन बसले, ते उठलेच नाय." मग म्हणाली, "तुम्ही या. बाबांचे गुरू तुम्हीच ना..." दीड महिना झाला, तो 'गुरू' शब्द कानातून निघत नाही. म्हणून हे लिहितोय.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तिशीच्या आतला, जन्माचा ख्रिस्ती, आवाज खणखणीत. जीप आणि लाऊडस्पीकर घेऊन कळवणच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यांवर आम्ही येशूची सुवार्ता सांगत फिरायचो. शेवटी मी म्हणायचो, "ज्याला प्रभूला स्वीकारायचंय त्यानं हात वर करावा." जितके हात, तितकी तारणं, तितके जीव पापातून सुटले, असा माझा सरळ हिशोब. त्या संध्याकाळी काशीनाथनं हात वर केला. आम्ही सामान चढवत असताना तो जवळ आला. "साहेब, माझं भावाशी सात वर्षं बोलणं नाय. त्याचं काय करू?" मी जीपमध्ये बसता बसता म्हणालो, "प्रार्थना केलीत ना? मग झालं. बाकीचं प्रभू बघेल." त्याचं समाधान झालं नव्हतं. ते मला दिसलं होतं. तरी मी ड्रायव्हरला म्हणालो, चल.

चारेक महिन्यांनी तो एसटीनं नाशिकला, माझ्या घरी आला. पाड्यावरच्या लोकांचे प्रश्न घेऊन आला होता... प्रार्थना कशी करायची, गावदेवाच्या जत्रेला जायचं का, दारू सुटत नाही त्यानं काय करायचं. माझ्याकडे मुंबईचे वरिष्ठ पाहुणे जेवायला होते. मी बायकोला हळूच म्हणालो, "नाहीत म्हणून सांग." तो पायरीवर बराच वेळ बसला, नागलीच्या पिठाचं गाठोडं ठेवून निघून गेला. बायको नंतर एवढंच म्हणाली, "तुमचं हसणं बाहेर ऐकू जात होतं." काशीनाथनं तो विषय पुढं कधीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मग तो चाळिशीत पाड्यावरच्या मास्तरांकडून वाचायला शिकला. देवापुढं दान ठेवण्याआधी दुखावलेल्या भावाकडं जा, ही येशूची शिकवण त्यानं स्वतः अक्षरं लावून वाचली, आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन शेतात गेला. भावाच्या, नामदेवच्या, जमिनीत त्यानं पूर्वी दोन हात बांध सरकवला होता. तो तीन दिवस खपून मागं नेला. नामदेवला वाटलं, काहीतरी नवा डाव आहे. "मिशनवाल्यांनी सांगितलं का तुला?" काशीनाथ म्हणाला, "चोरी मी केली व्हती, मंग परत कोण करणार?"

पुढं तो घरोघर गेला. माझ्या सभेत हात वर केलेले बाकीचे सगळे तोवर पांगले होते; त्यांना भेटायला आमच्यापैकी कुणी गेलंच नव्हतं. एकेकाशी बसून, त्यांच्या भांडणांत, आजारपणांत राहून, दहा वर्षांत त्यानं बारा कुटुंबांची मंडळी, म्हणजे पाड्यावरचं छोटं चर्चच, उभी केली. मी परदेशी पाहुण्यांना ती दाखवायला नेलं. "हे माझ्या सेवेचं फळ," असं मी उभं राहून सांगितलं, आणि चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या काशीनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "हा माझा पहिला शिष्य." पाहुणे गेल्यावर त्यानं विचारलं, "साहेब, शिष्य म्हंजे गुरूमागं चालणारा ना? मंग तुम्ही कुठं निघालाय सांगा, मी येतो." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हसून गाडीत बसलो.

तारण देवाच्या कृपेनंच मिळतं, हे मी आजही मानतो. पण ज्याला ते मिळालं त्याचे पाय वळतात. काशीनाथचे वळले. माझा फक्त आवाज चालला.

मातीच्या वेळी मला बोलायला उभं केलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी नेहमीसारखं छान बोललो. नंतर नामदेव जवळ आला. "मी त्याचा देव घेतला नाय, साहेब. पण बांध मागं नेला त्या दिवशी माझा भाऊ मला परत भेटला."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, एकटाच, एसटीनं. काशीनाथच्या घरातच मंडळी जमते. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि कुणी उठलं नाही. सुमननं सांगितलं, बाबांची रीत होती: शेवटी प्रत्येकानं सांगायचं, या हप्त्यात ऐकलेल्यातलं काय केलं. एक म्हातारी म्हणाली, सुनेला तोडून बोलले, मग तिच्याजवळ जाऊन बसले. एक जण म्हणाला, चार दिवस प्यायलो नाय, पाचव्या दिवशी प्यायलो. कुणी हसलं नाही, कुणी शाबासकीही दिली नाही. असं करत करत माझी पाळी आली. तीस वर्षं उपदेश केलेला माणूस मी... मला एक गोष्ट सांगता येईना.

"पुढच्या रविवारी सांगतो," मी म्हणालो.

सुमन म्हणाली, "चालतं साहेब. बाबा पण कितीदा असंच म्हणायचे. पण पुढच्या रविवारी सांगायचे."